सातवा खंड कुठून आला?

मधल्या सुट्टीत आमचे एक सहकारी तपासण्यांची फाईल घेऊन आमच्यापाशी आले. ते मराठी शिकवतात, आम्ही विज्ञान. त्यामुळे त्यांच्या घरातला कुठलाही वैद्यकीय कागद आधी आमच्याकडे येतो, आणि आम्हीही तो डॉक्टर असल्याच्या थाटात वाचतो. ह्या वेळी त्यांच्या थोरल्या भावाच्या सीटी स्कॅनचा अहवाल होता. यकृतात सहा सेंटिमीटरची गाठ, जागा 'सेगमेंट सहा आणि सात', असे त्यात लिहिले होते. सहकाऱ्यांनी विचारले, "सर, तुम्ही तर मुलांना यकृताचे दोन खंड सांगता. मग हा सातवा कुठून आला?"

प्रश्न साधा होता आणि आम्हाला त्याचे उत्तर देता येईना. ते शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. सामान्य माणसाला यकृताची ओळख तीन ठिकाणी होते: शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत, वर्तमानपत्रातल्या 'यशस्वी शस्त्रक्रिये'च्या बातमीत आणि दवाखान्याच्या बाकावर ऐकलेल्या "लिव्हर काय, परत उगवते" ह्या वाक्यात. तिन्ही ठिकाणी सांगितलेले सपशेल खोटे नाही. पण ज्याच्या घरात ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा आहे त्याला तिन्हींचा उपयोग नाही, आणि शेवटच्या वाक्याने तर नुकसानच होण्याचा संभव आहे. म्हणून ह्या तिन्हींची थोडी झाडाझडती घ्यावी असे आम्हाला वाटते.

आकृतीपासून सुरुवात करू. जठराच्या वर उजवीकडे तपकिरी रंगाची एक पाचर, तिच्या खाली हिरवे पित्ताशय. वरच्या वर्गात त्यात भर पडते ती एवढीच: वजन सव्वा ते दीड किलो, खंड दोन, उजवा मोठा व डावा लहान. यकृताच्या पुढच्या पृष्ठभागावर पडद्यासारखा एक उभा बंध असतो, त्याच्या दोन बाजूंना हे दोन खंड दिसतात. पण ही रेघ वरवरची आहे. आत रक्तवाहिन्यांची जी वाटणी आहे तिच्याशी ह्या रेघेचा मेळ नाही. खरी सीमा पित्ताशयाच्या खळग्यापासून निघून पाठीमागच्या अधोमहाशिरेपर्यंत जाते आणि ती वरून डोळ्यांना दिसतच नाही. आपण ज्याला उजवा खंड म्हणतो त्याचा बराच मोठा तुकडा प्रत्यक्षात डाव्या बाजूच्या रक्तावर जगत असतो.

हे ठळकपणे दाखवून दिले ते हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली ह्या स्कॉटिश डॉक्टरांनी, १८९७ च्या सुमारास. एका शवविच्छेदनात त्यांना यकृताची उजवी बाजू सुकून गेलेली आणि डावी फुगलेली आढळली. दोहोंमधली सीमा बंधावर नव्हती, ती पित्ताशयाच्या रेषेत होती. (हे कँटली इतिहासाच्या शिक्षकांना वेगळ्या कारणाने माहीत असतील. चीनचे सुन यत्-सेन त्यांचे विद्यार्थी. १८९६ मध्ये सुन यांना लंडनच्या चिनी वकिलातीत कोंडून ठेवले होते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी धावाधाव केली ते हेच गुरुजी.)

पुढचे काम पॅरिसच्या क्लोद क्विनो यांचे. मृतांच्या यकृतातल्या वाहिन्यांमध्ये ते पातळ प्लॅस्टिक भरत, ते घट्ट झाले की भोवतालचे मांस रसायनाने विरघळवून टाकत. हाती राही तो वाहिन्यांचा नुसता सांगाडा, पाने झडलेल्या झाडासारखा. असे कितीतरी साचे तपासून त्यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात यकृताचे आठ खंड मांडले. पहिला मागे दडलेला, दुसरा-तिसरा डावीकडे, चौथा मध्ये, आणि पाच ते आठ उजवीकडे. सहावा व सातवा उजव्या बाजूच्या मागल्या भागात, एक खाली, एक वर. आमच्या सहकाऱ्यांना हवे असलेले उत्तर हे होते.

हे आठ खंड म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या मुलाला चटकन कळते. बागायतीत पाटाचे पाणी दंडाने एकेका वाफ्यात जाते. यकृताच्या प्रत्येक खंडाला असे स्वतंत्र दंड आहेत: आतड्याकडून अन्नरस आणणाऱ्या पोर्टल शिरेची एक शाखा, रोहिणीची एक शाखा, आणि उलट दिशेने पित्त बाहेर नेणारी एक नळी. रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र वाफ्यांमधून जात नाहीत. त्या बांधाबांधाने, म्हणजे खंडांच्या मधून जातात, निचऱ्याच्या चरासारख्या. त्यामुळे एका वाफ्याचा दंड बंद केला तर तेवढाच वाफा सुकतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. पण बांधावरचा चर बुजला तर दोन्ही बाजूंना पाणी तुंबते. एखादा खंड काढून बाकीचे शाबूत ठेवता येतात ते ह्या वाटणीमुळे. आणि यकृताची शस्त्रक्रिया अवघड का, तेही ह्याच वाटणीमुळे कळते. सर्जन जे कापतो त्यापेक्षा जे चर आणि दंड त्याला राखायचे असतात ते जास्त महत्त्वाचे.

ज्या शाळेत चालण्यासारखे असेल तिथे मटणाच्या दुकानातून पाव किलो कलेजी आणावी. (कलेजी म्हणजे यकृत. मराठीत काळीज म्हटले की हात मात्र छातीकडे जातो. हा एक स्वतंत्र तास होईल.) कलेजीचा तुकडा दोन बोटांत धरून हलके चिरडला की मऊ मांस निसटते आणि आतल्या नळ्या बोटांत राहतात. हनोईचे तोन थात तुंग आणि तैवानचे लिन ह्यांच्यासारखे शल्यविशारद यकृत असेच बोटांनी फोडत जात आणि उघड्या पडलेल्या वाहिन्या एकेक करून बांधत. आता त्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणे आहेत, तत्त्व तेच. ह्या एका प्रयोगाने मुलांना जे कळते ते त्या तपकिरी पाचरीकडे वर्षभर पाहूनही कळत नाही. आकृती काढणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: बंधाची रेघ राहू द्या, पण पित्ताशयापासून मागे जाणारी एक तुटक रेघ तिच्याशेजारी काढा.

आता बातमी. तिचा साचा ठरलेला आहे. गाठीचे वजन मथळ्यात. खाली छायाचित्र, त्यात हिरव्या कपड्यांतले पाच-सहाजण आणि मध्ये ट्रेमध्ये ठेवलेली गाठ. शस्त्रक्रिया किती तास चालली ते असते, 'दुर्मिळ' आणि 'गुंतागुंतीची' ही विशेषणे असतात. नसते ते असे: रुग्णाच्या पोटात मागे किती यकृत राहिले आणि ते कोणत्या प्रतीचे होते. बातमी बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत छापून येते. यकृत निकामी होऊन येणारे मृत्यू पुष्कळदा त्यानंतरचे असतात, म्हणून ह्या क्षेत्रातले जाणकार नव्वद दिवसांचा हिशेब मागतात. तीन महिन्यांनंतरची बातमी आम्ही कधी वाचलेली नाही.

ह्यात डॉक्टरांना श्रेय देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, म्हणजे हृदय जेवढे ढकलते त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. जर्मनीच्या लांगेनबुख यांनी १८८८ मध्ये योजनापूर्वक यकृताचा तुकडा काढल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा रक्तस्रावामुळे त्यांना पोट पुन्हा उघडावे लागले होते. १९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृताकडे जाणारा वाहिन्यांचा जुडगा चिमटीत धरून रक्त काही वेळ थोपवण्याची युक्ती सांगितली. ज्यांच्यावर त्यांनी ती वापरली ते जखमी वाचले नाहीत, पण ती युक्ती आजही वापरली जाते. पुढे १९४९ मध्ये क्योतोत होन्जो यांनी आणि १९५२ मध्ये पॅरिसमध्ये लोर्ता-जाकोब यांनी वाहिन्या आधी बांधून यकृताची उजवी बाजू काढली. तरीही १९७० च्या दशकातल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पाचातला एक रुग्ण दगावत होता. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आहे. हा फरक एकट्या सर्जनच्या हातामुळे पडलेला नाही. आतला नकाशा कळला, सोनोग्राफीचे यंत्र ऑपरेशनच्या टेबलावर आले, आणि भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देऊन मोठ्या शिरांतला दाब कमी ठेवायला शिकले. छायाचित्रात भूलतज्ज्ञ बहुधा कडेला असतात.

आता ते वाक्य: "परत उगवते." ह्याच्या पाठोपाठ प्रोमिथियसची ग्रीक कथा हटकून येते. गरुड दिवसा त्याचे यकृत खातो आणि रात्री ते पुन्हा वाढते. ग्रीकांना यकृताचा हा गुण ठाऊक होता असे त्यावरून ठोकून देतात. कथेत ती न संपणारी शिक्षा आहे. तिला शरीरशास्त्राचा पुरावा मानायला आमची तयारी नाही. आणि दृष्टान्त म्हणूनही ती फसवी आहे, कारण तिने डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते पालीच्या शेपटीचे: जिथून तोडले तिथूनच नवे.

तसे होत नाही. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचे काही खंड, एकूण सुमारे दोन-तृतीयांश, काढून टाकले. आठ-दहा दिवसांत यकृताचे वजन जवळपास पूर्ववत झाले. पण काढलेले खंड परत आले नव्हते, राहिलेले खंड फुगले होते. माणसातही हेच होते. उजवी बाजू गेली की ती गेलीच. डावी मोठी होते, आणि हे पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने व नंतर महिनोन्‌महिने सावकाश चालते. प्रश्न असा की तोवर शरीराचे काय? रक्त गोठवणारी प्रथिने, विषारी द्रव्यांचा निचरा, साखरेचा हिशेब हे सगळे काम पहिल्या दिवसापासून त्या उरलेल्या तुकड्यालाच उरकायचे असते. वाढायचेही त्यानेच. घरातल्या एकट्या कमावत्याने नोकरी सांभाळून घराचा मजला चढवावा, तसे.

म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारायचा खरा प्रश्न आहे, "किती राहणार?" सीटी स्कॅनवरून हे मोजता येते. निरोगी यकृताचा वीस ते पंचवीस टक्के भाग राहिला तरी बहुधा निभावते. कॅन्सरची औषधे बराच काळ घेतलेल्यांत तीस टक्के तरी लागतो. सिरॉसिसने कडक झालेल्या यकृताचा चाळीस टक्क्यांच्या आसपास हवा, आणि सिरॉसिस पुढे गेलेला असेल तर कितीही ठेवले तरी चालत नाही. यकृताचा मूळचा कर्करोग होतो तो बहुतेक वेळा अशाच बिघडलेल्या यकृतात, हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू अथवा साठलेल्या चरबीमुळे. म्हणजे परत वाढण्याचा गुण ज्याला सर्वांत जास्त हवा, त्याच्यातच तो सर्वांत कमी असतो. "परत उगवते" हे वाक्य ही गोष्ट झाकून टाकते.

उरणारा भाग कमी पडत असेल तर करण्यासारखे एक आहे, आणि त्याची हकीकत आम्हाला फार आवडते. काढायच्या बाजूची पोर्टल शिरेची शाखा आधी बंद करायची. ती बाजू सुकते, दुसरी फुगते. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचे, आणि पुरेशी वाढली असेल तरच ऑपरेशन. १९८० च्या दशकात जपानमध्ये माकुउची, किनोशिता वगैरेंनी ही रीत बसवली. कँटलींना मृतदेहात आपोआप झालेले जे दिसले होते, तेच इथे जिवंत माणसात मुद्दाम घडवले जाते. फुगली नाही, तर तीही माहितीच: ह्या यकृतात तेवढी ताकद नाही, हे कापण्याआधी कळले.

ह्या वाक्याने आणखी एका माणसावर भार पडतो. आपल्या देशात यकृताचे रोपण बहुतांशी जिवंत नातेवाइकाने दिलेल्या भागावर चालते, आणि देणाऱ्यांत बायका अधिक. देणारी व्यक्ती धडधाकट असते, तिला शस्त्रक्रियेची स्वतःसाठी गरज नसते. तिच्या जिवाला धोका थोडा, पण शून्य नाही. उजवी बाजू देणाऱ्यांसाठी तो साधारणपणे हजारात एक ते पाच असा सांगितला जातो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार तिने समजून-उमजून होकार द्यायचा असतो. "काही होत नाही, परत उगवते" असे सासरच्या दहा माणसांसमोर ऐकून दिलेला होकार समजून-उमजून दिलेला होता का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता सर्जन कसा निवडायचा. आमच्या सहकाऱ्यांकडे एक कात्रण होते आणि कोणीतरी सांगितलेला एक आकडा होता: "त्यांचा सक्सेस रेट ९८ टक्के आहे." शिक्षकांना ह्या आकड्याची चिरफाड करून दाखवायला नको. दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या काही शाळा आपल्याला माहीत आहेत. कच्च्या मुलांना नववीत थांबवले, दोघा-तिघांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, की निकाल लागतोच. तसेच इथे. सिरॉसिसचे रुग्ण दुसरीकडे पाठवणाऱ्याचा आकडा चांगला दिसेल, आणि ते पदरी घेणाऱ्याचा वाईट. शिवाय 'सक्सेस' कशाला म्हणायचे? टेबलावरून उतरला, घरी गेला, की तीन महिन्यांनी हिंडता-फिरता होता?

त्यापेक्षा संख्या विचारावी. वर्षाला यकृताच्या किती शस्त्रक्रिया होतात, आणि आमच्यासारख्या किती? अशा अवघड कामात सराव बोलतो. २००२ मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांची नोंद तपासली. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया फार क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत शेकडा १६.३ दगावत होते, पुष्कळ करणाऱ्या ठिकाणी ३.८. स्वादुपिंड यकृताचे शेजारी, आणि दोन्ही कामे करणारे हात बहुधा तेच असतात. सराव सर्जनचा एकट्याचा नसतो. मध्यरात्री पित्त गळू लागले किंवा पू साठला तर सोनोग्राफी पाहून नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट, रक्तपेढी, अतिदक्षता विभागातली परिचारिका ह्या सगळ्यांचा असतो. पदव्यांत पोटाच्या व यकृताच्या शस्त्रक्रियेचे उच्चशिक्षण, म्हणजे सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचे एम.सीएच. किंवा त्याच्या तोडीचे, आहे का ते पाहावे, आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे का तेही. कर्करोग असेल तर निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून फाईल पाहिली का, हे जरूर विचारावे. रुग्णालय सरकारी योजनेच्या यादीत आहे ह्यावरून पैशांची सोय कळते, तिथे यकृताचे काम नित्य होते की नाही ते कळत नाही.

आणि ह्या सगळ्याच्या आधीचा प्रश्न: कापायलाच हवे का? सोनोग्राफीत सहज सापडणाऱ्या गाठींपैकी पुष्कळशा रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी असतात, त्यांना बहुधा हात लावावा लागत नाही. आमांशाच्या जंतूंनी होणारा यकृतातला पू आपल्याकडे नवा नाही. तो औषधांनी, लागलाच तर सुईने काढून बरा होतो. जो सर्जन "नको" म्हणू शकतो त्याच्याविषयी आमचे मत चांगले होते. हा आमचा पूर्वग्रह समजा.

सहकाऱ्यांच्या भावाकडे परत येऊ. पहिल्या सर्जननी उजवी बाजू पूर्ण काढू असे सांगितले. किती राहील, असे विचारल्यावर उत्तर आले, "काळजी करू नका, परत उगवते." भावाला हिपॅटायटिस बी होता, यकृत थोडे कडक झालेले होते. सहकारी आमच्याकडे आले, आम्ही दोघांनी मिळून एका फुलस्केपवर सात प्रश्न लिहिले आणि ते दुसरे मत घ्यायला गेले. तिथे डॉक्टरांनी कागद मागून घेतला, शांतपणे वाचला आणि मोजणी करायला लावली. डावी बाजू चौतीस टक्के भरली. "एवढ्यावर मी ह्यांची पूर्ण उजवी बाजू काढणार नाही," ते म्हणाले. "सहा आणि सात काढू, पाच आणि आठ राखू."

पहिल्या सर्जनना मोठा भाग काढण्यात काही वैद्यकीय कारण दिसले असेलही. कर्करोगात कडेने मोकळी जागा सोडावी लागते. पण ते त्यांनी सांगितले नाही, आणि मोजलेही नाही. आमची तक्रार तेवढीच आहे.

ऑपरेशन झाले. मागाहून पित्त गळू लागल्याने नळी तीन आठवडे ठेवावी लागली, आणि त्या दिवसांत घरच्यांनी फार सोसले. हिपॅटायटिसच्या गोळ्या चालू आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी असते, गाठ पुन्हा होण्याची धास्तीही आहे. कागदावरच्या सात प्रश्नांपैकी सहांची उत्तरे मिळाली होती. नव्वद दिवसांत किती रुग्ण दगावतात, ह्या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले होते की आमच्या विभागाने ही नोंद अलीकडेच ठेवायला घेतली आहे, वर्षाअखेरीला या, दाखवतो. सहकारी डिसेंबरात तपासणीला जाणार आहेत. आम्हीही बरोबर जाऊ म्हणतो.